जठराच्या कर्करोगाची ‘मार्कर’ तपासणी : अहवालाआधी तुकड्याकडे पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जठराच्या कर्करोगावरच्या नव्या औषधांच्या बातम्या आता मराठी वृत्तपत्रांतही येऊ लागल्या आहेत. नातेवाईक कात्रण घेऊन डॉक्टरांकडे जातात आणि ‘आमच्या माणसाला हे का देत नाही?’ असे विचारतात. प्रश्न रास्त आहे. पैसा, वय, प्रकृती हे सगळे नंतर येते. पहिले उत्तर दुर्बिणीतून काढलेल्या दोन-तीन मिलिमीटरच्या तुकड्यांत असते, आणि ते तुकडे कसे काढले, कशात ठेवले, किती वेळ ठेवले याबद्दल कुठेच काही छापून येत नाही. म्हणून हे पत्र.

आधी एक नेहमीचा घोळ. रक्ततपासणीत मोजल्या जाणाऱ्या सीईए, सीए १९-९, सीए ७२-४ या पदार्थांनाही लोक ‘ट्यूमर मार्कर’च म्हणतात. उपचार चालू असताना आजार वाढतो की ओसरतो याचा अंदाज घ्यायला त्यांचा उपयोग होतो. पण खाली ज्या औषधांविषयी लिहिले आहे त्यांतले एकही या आकड्यांवर ठरत नाही. आकडे नॉर्मल आले म्हणजे कर्करोग नाही, असेही नसते.

औषध ठरते ते कर्करोगाच्या पेशींतल्या प्रथिनांवर. ती शोधण्याची तपासणी म्हणजे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, दवाखान्यांतल्या बोलीत आयएचसी. मेणात बसवलेल्या तुकड्याचा सुमारे ४ मायक्रॉन जाडीचा काप काचेवर घेतात, गरम बफरमध्ये ठेवून फॉर्मॅलिनने जखडलेली प्रथिने मोकळी करतात, मग हव्या त्या प्रथिनालाच चिकटणारी अँटीबॉडी टाकतात. ती जिथे चिकटते तिथे शेवटी तपकिरी रंग उमटतो. जठरासाठी आज असे चार प्रश्न विचारावे लागतात: हर-२ (पेशीला वाढीचा संदेश देणारे प्रथिन), मिसमॅच रिपेअरची, म्हणजे डीएनए-दुरुस्तीची, चार प्रथिने, पीडी-एल१ (प्रतिकारशक्तीला रोखणारे प्रथिन) आणि क्लॉडिन १८.२ (जठराच्या पेशींना एकमेकींशी जोडणारे प्रथिन). काही गाठींत सापडणाऱ्या एप्स्टाइन-बार विषाणूसाठी ‘ईबर’ नावाची तपासणी काही ठिकाणी जोडीला होते. ती प्रथिनाची नसून आरएनएची आहे.

यंत्र महाग आहे म्हणून निकाल चांगला येतो, हा समज सोडून द्यावा. आयएचसी बिघडते ती बहुतेकदा प्रयोगशाळेत पोहोचण्याआधीच. बाजारात मिळणारे फॉर्मॅलिन हे ३७ ते ४० टक्के फॉर्मल्डिहाइडचे द्रावण असते. ते तसेच बाटलीत ओतले तर तुकड्याची बाहेरची कड कडक होते आणि आतला भाग कच्चा राहतो. १०० मिलि. फॉर्मॅलिन, ९०० मिलि. डिस्टिल्ड वॉटर, ४ ग्रॅम सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट आणि ६.५ ग्रॅम निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट एकत्र केले की १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिन तयार होते. लिटरमागे साडेदहा ग्रॅम क्षारांचा हा खर्च किरकोळ आहे. तो वाचवून नुसते नळाचे पाणी घातले तर द्रावण साठवणीत आंबट होत जाते आणि ऊतीत काळपट तपकिरी कण बसतात. तपकिरी रंग मोजायच्या तपासणीत त्याहून नकोशी गोष्ट नाही. आणि तुकडे सलाइनच्या बाटलीत टाकून गावाहून शहरात पाठवले, तर वाटेतच पेशी विरघळू लागतात. त्यावर नंतर कितीही फॉर्मॅलिन ओतले तरी गेलेले प्रथिन परत येत नाही.

वेळेचे दोन नियम आहेत. तुकडा काढल्यापासून तासाभराच्या आत तो फॉर्मॅलिनमध्ये गेला पाहिजे, आणि तिथे तो किमान ६ व जास्तीत जास्त ७२ तास राहिला पाहिजे. बायोप्सी इवलीशी असते, दोन तासांत भागेल, असे अनेकांना वाटते. भागत नाही. अर्धवट पक्का झालेला तुकडा पुढे अल्कोहोलमध्ये जातो, उरलेले काम अल्कोहोल करते आणि रंग चट्ट्याचट्ट्यांनी उमटतो. दुसऱ्या टोकाची चूक सुट्ट्यांची. शनिवारी ऑपरेशन झाले आणि लागून दिवाळी आली की ७२ तास सहज उलटतात. म्हणून अर्जावर दोन वेळा हव्यात, तुकडा काढल्याची आणि फॉर्मॅलिनमध्ये टाकल्याची. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक अर्जांवर नुसती तारीख असते.

ऑपरेशनने काढलेल्या जठराचे हाल आणखी वेगळे. अख्खे जठर न उघडता अरुंद तोंडाच्या बरणीत कोंबलेले असते. फॉर्मॅलिन ऊतीत तासाला जेमतेम मिलिमीटरभर शिरते, म्हणजे मधल्या गाठीपर्यंत ते पोहोचेस्तोवर गाठ आतून सडू लागलेली असते. जठर मोठ्या वक्रतेच्या बाजूने उघडावे (गाठ नेमकी तिथेच असेल तर दुसऱ्या बाजूने), पाण्याखाली हलकेच धुवावे, थर्माकोलच्या पाटीवर टाचण्यांनी पसरून लावावे आणि आकारमानाच्या निदान दहापट फॉर्मॅलिनमध्ये बुडवावे. हे काम ऑपरेशन थिएटरबाहेरच्या टेबलावर दहा मिनिटांत होते. ते प्रयोगशाळेवर सोडले तर किती वाजता होईल याचा भरवसा नसतो.

आता हर-२. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ‘टोगा’ चाचणीत केमोथेरपीला ट्रास्टुझुमॅब या हर-२वर नेम धरणाऱ्या औषधाची जोड दिल्यावर हर-२ पॉझिटिव्ह रुग्णांचे मध्यम आयुर्मान (निम्मे रुग्ण जिवंत राहतात तो काळ) ११.१ महिन्यांवरून १३.८ महिन्यांवर गेले. ज्यांच्या गाठीत हे प्रथिन खरोखर भरपूर होते त्यांच्यात फरक आणखी मोठा दिसला, ११.८ विरुद्ध १६ महिने. म्हणजे ‘पॉझिटिव्ह’ एवढ्याने भागत नाही, किती पॉझिटिव्ह हे महत्त्वाचे. भारतात २०१४ पासून ट्रास्टुझुमॅबची बायोसिमिलर (मूळ औषधाशी मिळतीजुळती) आवृत्ती मिळते, त्यामुळे या चार तपासण्यांपैकी हीच सर्वांत जास्त रुग्णांच्या प्रत्यक्ष उपयोगाची आहे. आणि स्तनाच्या कर्करोगाची सवय लागलेल्या डोळ्यांनी हीच सर्वांत जास्त वेळा चुकीची वाचली जाते.

स्तनात रंग पेशीभोवती पूर्ण कडे करून उमटावा लागतो. जठरातल्या गाठीच्या पेशी नळ्या करून बसतात, आणि नळीच्या पोकळीकडची त्यांची बाजू बहुधा रंगत नाही. तळाची आणि दोन्ही कुशींची बाजू रंगते, इंग्रजी ‘यू’सारखी. स्तनाचा निकष लावणारा अशी पेशी सोडून देतो आणि अहवाल निगेटिव्ह जातो. म्हणून जठरासाठी वेगळे मोजमाप आहे. ऑपरेशनच्या नमुन्यात १० टक्के किंवा अधिक पेशींत असा रंग हवा. बायोप्सीत टक्केवारी पाहत नाहीत, ५ पेशींचा एक एकसंध पुंजका पुरतो. जोर ठरवायला भिंगाचा नियम आहे: २.५ किंवा ५ पटीच्या भिंगातून रंग उघड दिसला तर ३+, त्यासाठी १० किंवा २० पटीचे भिंग लागले तर २+, आणि ४० पटीशिवाय दिसतच नसेल तर १+. ३+ म्हणजे पॉझिटिव्ह, ० आणि १+ म्हणजे निगेटिव्ह. २+ हा निकाल नव्हेच, त्यावर फिश (जनुकाच्या प्रती चमकत्या रंगाने मोजणारी) तपासणी करून हर-२ जनुकाचे १७व्या गुणसूत्राच्या केंद्राशी प्रमाण २ किंवा अधिक आहे का ते पाहावे लागते. ‘२+, पॉझिटिव्ह’ एवढेच लिहिलेला अहवाल हाती आला तर फिशचे विचारा. स्तनाच्या कर्करोगात आता ‘हर-२ लो’ गटालाही औषध मिळते हे वाचून जठराचे रुग्ण १+ अहवाल घेऊन येतात. जठरात त्या गटासाठी तशी प्रमाणित उपचारपद्धत आज नाही.

आतड्यासारख्या नळ्या करणाऱ्या प्रकारात आणि अन्ननलिकेच्या सांध्याजवळच्या गाठींत हर-२ जास्त सापडते, विखुरलेल्या पेशींच्या डिफ्यूज प्रकारात कमी. पण खरी अडचण अशी की एकाच गाठीत एक कोपरा ३+ आणि शेजारचा कोपरा शून्य असू शकतो. एक-दोन तुकडे घेतले तर कोपरा हुकतो. निदान ५ तुकडे हवेत, ६ ते ८ असतील तर उत्तम, आणि तेही व्रणाच्या कडेच्या वेगवेगळ्या जागांवरून. व्रणाच्या तळातून घेतले तर हाती पू आणि मृत पेशी येतात. चिमट्याने चिरडलेल्या कडेवर आणि शेजारच्या निरोगी अस्तरावरही कधी कधी रंग चढतो. तो मोजायचा नसतो. पेशीच्या आतल्या द्रवातला किंवा केंद्रातला रंगही नाही.

मिसमॅच रिपेअरचा अहवाल इतरांच्या उलट वाचायचा असतो, आणि घरोघरी गोंधळ होतो तो इथे. एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२ आणि एमएसएच६ ही डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी प्रथिने निरोगी पेशीत असतातच. पेशीच्या केंद्रात रंग दिसणे हे नेहमीचे, तो नसणे ही बातमी. चारही नावांपुढे ‘पॉझिटिव्ह’ लिहिलेले पाहून कुणी घाबरते, कुणी आनंदते, दोन्ही चूक. ‘रिटेन्ड’ आणि ‘लॉस्ट’ असे शब्द वापरले तर हा गोंधळ टळेल, असे आमचे आमच्याच सहकाऱ्यांना सांगणे आहे. प्रथिन खरेच नाहीसे झाले आहे की रंगच लागला नाही, हे त्याच कापातल्या लिम्फोसाइट या निरोगी पांढऱ्या पेशींवरून ठरते. त्या रंगलेल्या असतील आणि गाठीच्या पेशी कोऱ्या असतील तरच ‘लॉस्ट’ म्हणावे. लिम्फोसाइटही कोऱ्या असतील तर तो काप वाचण्यालायक नाही, नवा काप लावावा.

ही प्रथिने जोडीने जातात. एमएलएच१ गेले की पीएमएस२ टिकत नाही. एमएसएच२ गेले की एमएसएच६ जाते. पहिली जोडी गेलेली असेल तर कारण बहुधा एमएलएच१ जनुकावर चढलेले मिथाइलचे कुलूप (जनुक बंद पाडणारी रासायनिक खूण, म्हणजे मिथिलेशन) असते, आनुवंशिक दोष नव्हे. मोठ्या आतड्यात हे ओळखायला बीआरएएफ जनुकाची तपासणी कामी येते. जठरात ते बदल क्वचितच असल्याने तिच्यावर पैसे घालवू नयेत, सरळ मिथिलेशन पाहावे. दुसरी जोडी गेली असेल तर लिंच सिंड्रोमची (कर्करोगाचा धोका वाढवणाऱ्या आनुवंशिक दोषाची) शंका घेऊन रुग्णाला आणि भावंडांना जनुकीय सल्ल्यासाठी पाठवले पाहिजे. २०१४ च्या ‘टीसीजीए’ या कर्करोगाच्या जनुकीय अभ्यासातल्या २९५ गाठींपैकी सुमारे २२ टक्के गाठी या दुरुस्ती-दोषाच्या होत्या; शरीरात पसरलेल्या आजारात हे प्रमाण बरेच कमी असते. अशा गाठींवर इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध मोकळे करणारी औषधे) चांगली चालते. अमेरिकेच्या औषध नियामकाने मे २०१७ मध्ये पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाला गाठ कुठल्या अवयवाची हे न पाहता, केवळ या दोषाच्या आधारे मान्यता दिली होती. म्हणून ही एक तपासणी ऑपरेशनजोग्या रुग्णांतही, अगदी निदानाच्या वेळीच व्हावी. बाकीच्या तिन्ही पसरलेल्या किंवा पसरल्याचा संशय असलेल्या आजारात.

पीडी-एल१चा आकडा ‘सीपीएस’ या नावाने येतो. रंगलेल्या कर्करोग पेशी, रंगलेल्या लिम्फोसाइट आणि रंगलेल्या मॅक्रोफेज (प्रतिकारशक्तीच्या भक्षक पेशी) यांची बेरीज करायची, तिला जिवंत कर्करोग पेशींच्या एकूण संख्येने भागायचे आणि १०० ने गुणायचे. २०० कर्करोग पेशींत ४ रंगलेल्या आणि भोवती ८ लिम्फोसाइट-मॅक्रोफेज रंगलेल्या असतील तर सीपीएस ६. ही टक्केवारी नव्हे. किमान १०० जिवंत कर्करोग पेशी नसतील तर आकडा देऊच नये. प्लाझ्मा पेशी आणि न्यूट्रोफिल मोजायच्या नाहीत, व्रणाच्या तळातल्या दाहाच्या पेशीही नाहीत. जठरात व्रण जवळजवळ नेहमीचा, त्यामुळे आकडा फुगतो तो इथेच. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘चेकमेट ६४९’ चाचणीत सीपीएस ५ आणि त्यावरच्या गटात केमोथेरपीला निव्होलुमॅब हे इम्युनोथेरपीचे औषध जोडल्याने आयुर्मान ११.१ वरून १४.४ महिन्यांवर गेले. मग ४ आणि ५ मधली ओळ किती भक्कम? खरे सांगायचे तर फारशी नाही. तोच काप दोन अनुभवी पॅथॉलॉजिस्टनी पाहिला तरी १ आणि ५ या मर्यादांच्या आसपास मत हमखास हलते. शिवाय २८-८ आणि २२सी३ हे अँटीबॉडीचे क्लोन (वाण) एकाच गाठीवर वेगवेगळे आकडे देऊ शकतात. क्लोनचे नाव नसलेला सीपीएस आम्ही अपुरा मानतो. आकडा मर्यादेला टेकलेला असेल तर दुसऱ्या तुकड्यावर किंवा दुसऱ्या डोळ्यांनी तो पुन्हा मोजून घ्यावा.

क्लॉडिन १८.२ त्या मानाने वाचायला सोपे. निरोगी जठराच्या अस्तरात ते असतेच, त्यामुळे बायोप्सीतले शेजारचे अस्तरच आपोआप कंट्रोल (तुलनेचा नमुना) होते. गाठीच्या ७५ टक्के किंवा अधिक पेशींच्या पटलावर मध्यम ते गडद रंग असेल तर पॉझिटिव्ह. ७० टक्के म्हणजे निगेटिव्ह, मग रंग कितीही गडद असो. झोल्बेटुक्सिमॅब या औषधाच्या ‘स्पॉटलाइट’ चाचणीत आयुर्मान १५.५ वरून १८.२ महिने झाले. निरोगी अस्तरातही तेच प्रथिन असल्याने हे औषध सुरू करताच मळमळ-उलट्या जोरात होतात, विशेषतः ज्यांचे जठर काढलेले नाही त्यांना. औषध द्यायचे ठरले तर हे आधी सांगावे.

चारही प्रश्न एकाच इवल्या ब्लॉकमधून (मेणात बसवलेल्या तुकड्यातून) सोडवायचे असतात, आणि ब्लॉक प्रत्येक वेळी मायक्रोटोमवर (काप काढण्याच्या यंत्रावर) चढवला की पृष्ठभाग सपाट करण्यातच काही काप वाया जातात. आज हर-२, पंधरवड्याने पीडी-एल१, महिन्याने क्लॉडिन अशी हप्त्याहप्त्याने मागणी आली की शेवटच्या तपासणीला गाठच उरत नाही. पसरलेल्या आजाराचा संशय असेल तर पहिल्या अर्जावरच चारही लिहावेत. आम्ही एका बैठकीत १२ काप घेण्याची शिफारस करतो: पहिला आणि शेवटचा साध्या रंगाचा (शेवटच्या कापापर्यंत गाठ शिल्लक होती का, हे कळायला), एक हर-२, चार मिसमॅच रिपेअर, एक पीडी-एल१ आणि एक त्याचा निगेटिव्ह कंट्रोल, एक क्लॉडिन, उरलेले दोन फिश व ईबरसाठी. तुकडे ६-८ असतील तर ते दोन ब्लॉकमध्ये वाटावेत. न रंगवलेले काप कपाटात महिनोन्महिने ठेवू नयेत. हर-२साठी ६ आठवड्यांपेक्षा जुना काप वापरू नये. साध्या स्लाइडवर उघड दिसणाऱ्या कर्करोगाला निदानासाठीच आठ-दहा अँटीबॉडी लावण्याची हौसही आवरावी.

पोटातल्या पाण्यातून निदान झाले असेल तर त्या पाण्याचा सेल ब्लॉक (पाण्यातल्या पेशी गोळा करून केलेला ब्लॉक) फॉर्मॅलिनमध्येच करावा. त्यावर हर-२ पाहता येते. सीपीएस मात्र मोजू नये, कारण पोटातल्या पाण्यात मॅक्रोफेज मुळातच भरपूर असतात. ट्रास्टुझुमॅब घेऊनही आजार वाढला तर पुढच्या औषधाआधी नवी बायोप्सी घ्यावी, कारण बऱ्याच गाठी तोवर हर-२ गमावून बसतात. २०२० च्या ‘डेस्टिनी-गॅस्ट्रिक०१’ चाचणीत ट्रास्टुझुमॅब डेरुक्स्टेकॅनने आयुर्मान ८.४ वरून १२.५ महिन्यांवर नेले, पण ते हर-२ असलेल्यांत.

दुसरे मत घ्यायला परळला (मुंबईच्या टाटा रुग्णालयात) किंवा अन्यत्र जाणाऱ्यांनी नुसत्या स्लाइड न नेता ब्लॉक मागून न्यावा. स्लाइडवर नवी तपासणी क्वचितच करता येते. ब्लॉकचे मेण ५६ ते ५८ अंशांना वितळते. नागपूर-अकोल्याकडच्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर तेवढे तापमान सहज होते, तेव्हा ब्लॉक हातातल्या पिशवीत, सावलीत ठेवावा.

आपल्याकडे एवढीच विनंती, की अशा औषधाची बातमी छापताना औषधाच्या नावाशेजारी तपासणीचे नाव आणि तिची मर्यादा छापावी: ‘हर-२ ३+, किंवा २+ आणि फिश पॉझिटिव्ह’, ‘सीपीएस ५ आणि वर’, ‘क्लॉडिन ७५ टक्के’. कात्रण घेऊन येणाऱ्याचा पहिला प्रश्न मग ‘आमच्या तुकड्यात हे पाहिले का?’ असा असेल, आणि त्याचे उत्तर अहवालाच्या कागदावर बोट ठेवून देता येईल.

आपले,
महाराष्ट्रातील काही पॅथॉलॉजिस्ट